गृहप्रवेशाचा आनहेंगर

माझ्या नवऱ्याचं गाडीवर प्रेम होतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. त्याचं प्रेम गाडीतल्या एका अक्षरावर होतं, आणि ते अक्षर म्हणजे डी, डी फॉर ड्राइव्ह: एकदा त्यावर दांडा टाकला की गिअर गाडीच बदलते. आम्ही म्युनिकजवळ उंटरश्लाइसहाइमला राहायचो आणि तिथल्याच एका कंपनीत तो नोकरीला होता. भारतातल्या नातेवाइकांना तो सांगायचा, "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर काम करतो." प्रत्यक्षात काम असं, की गिअरचा दांडा ओढला की समोरच्या काचेत पी, आर, एन, डी ही अक्षरं नीट उजळतात का ते तपासायचं. अक्षरं उजळायची आणि तो घरी यायचा.

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं उलटली होती. त्याने सेकंडहँड एसयूव्ही घेतली, अर्थात ऑटोमॅटिक. त्या काळात जर्मन माणूस ऑटोमॅटिक गाडीकडे ज्या नजरेने बघायचा, त्या नजरेने आपल्याकडे काठी टेकत चालणाऱ्या तरुणाकडे बघतात. शेजारचे निवृत्त आजोबा आमच्या गाडीभोवती दोनदा फिरले, आत डोकावले आणि कनवाळूपणे म्हणाले, "अच्छा, माझ्या सासूबाईंकडे पण अशीच होती. गुडघ्यांमुळे." नवरा म्हणाला, "गेनाऊ."

या गेनाऊबद्दल सांगायला हवं. गेनाऊ म्हणजे 'अगदी बरोबर'. समोरचा जर्मन माणूस बोलायचा थांबला की नवरा गेनाऊ म्हणायचा. समजलं तरी गेनाऊ, नाही समजलं तर दोनदा गेनाऊ. एवढ्या एका शब्दावर त्याने जर्मनीत आठ वर्षं सुखाने काढली होती.

तीच आठ वर्षं मी डायनिंग टेबलावर काढली होती. सिव्हिलची एम.ई. करून लग्नानंतर इथे आले. आधी व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, मग भाषा नव्हती, मग भाषा आली तेव्हा 'मधल्या काळात आपण काय करत होतात?' हा प्रश्न आला. जेवणं उरकली की ताटं उचलायची, टेबल पुसायचं, पुस्तकं मांडायची. पुन्हा जेवणाची वेळ झाली की पुस्तकं उचलायची. घरात एक अभ्यासाची खोली होती, पण तिथे नवऱ्याचा कॉम्प्युटर आणि व्यायामाची सायकल असायची. दोन्ही सहसा बंद.

आणि अशात मला कार्ल्सरूहेच्या तंत्रविद्यापीठात पीएचडीची जागा मिळाली. विषय होता, डोंगरउतारावरची माती का घसरते. नवऱ्याने विषय ऐकला आणि म्हणाला, "उतार असतो म्हणून घसरते. संपलं की! यात चार वर्षं काय करणार?"

तरी तो नाही म्हणाला नाही. नाही म्हणणाऱ्यातला तो नव्हताच. मराठी मंडळाच्या कोजागिरीला त्याने चारचौघांत जाहीर केलं, "मी तर तिला म्हटलं, जा. सोमवार ते शुक्रवार तिकडे राहा. फक्त घर मिळायला हवं." लोकांनी त्याचं कौतुक केलं. मला मसाला दूध मिळालं. ते 'फक्त' मात्र त्याने विचार करून घातलं होतं. कार्ल्सरूहेत सेमिस्टरच्या तोंडावर घर मिळणं किती अवघड, हे त्याला ठाऊक होतं. तीन महिने मी फोन करत होते. शेवटी एका घरमालकीणबाईंनी दीड खोली द्यायचं कबूल केलं, पण बजावून सांगितलं: शनिवारी दुपारी चारपर्यंत सामान घेऊन आलात तर किल्ली तुमची, नाहीतर खाली बसलेल्या पुढच्या माणसाची. बाई बोलल्या तसं करणाऱ्या होत्या, आवाजावरूनच कळत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. आनंद आणि भीती एकाच कुशीवर झोपल्या होत्या.

सासूबाई तेव्हा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. सून घराबाहेर राहणार म्हटल्यावर त्या काय म्हणतील याची मला धास्ती होती. पण त्या म्हणाल्या, "जा हो तू. मी आहे ना त्याच्याजवळ." आणि स्वयंपाकघराचा ताबा त्यांनी त्याच संध्याकाळी घेतला. माझ्या जाण्यातला त्यांना भावलेला भाग कुठला, ते मसाल्याचे डबे दुसऱ्या फळीवर गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

फक्त एक अट त्यांनी घातली. गृहप्रवेश रीतसर झाला पाहिजे. नव्या घरात आधी मीठ, धान्य, पाण्याचा घडा आणि देव जाणार. बाकीचं सामान नंतर. "उंबऱ्यातून चप्पल-गादी आधी गेली असं व्हायला नको," त्या म्हणाल्या.

नवऱ्यातला इंजिनिअर जागा झाला. शेजारच्या आजोबांनी आपला आनहेंगर, म्हणजे गाडीमागे जोडायची दोन चाकी ट्रॉली, रविवारपर्यंत परत करायच्या बोलीवर दिली होती. "जे आधी उतरवायचं ते शेवटी चढवायचं," नवऱ्याने सिद्धांत मांडला, आणि तसंच केलं. सगळ्यात पुढे, गाडीच्या बाजूला, माझं नवीन टेबल गेलं. पाइनच्या लाकडाचं, चार स्क्रूंचं, एका हाताने उचलेल इतकं हलकं, पण आयुष्यात पहिल्यांदा फक्त माझं असलेलं टेबल. मग गादी, उश्या, कपडे. आणि सगळ्यात मागे, शेवटच्या फळीला टेकून, गृहप्रवेश: तांदळाची दोन पोती, कणीक, डाळी, मिठाचे पुडे, लोखंडी खलबत्ता आणि सागवानी देव्हारा. घडाभर पाणी प्रवासात सांडेल म्हणून नवऱ्याने मिनरल वॉटरचे चार क्रेट आणले होते, काचेच्या बाटल्यांचे. वॉशिंग मशीनही मागेच, कारण ते "एकदाचं खाली उतरलं की सुटलो." देव तेवढे सासूबाईंच्या मांडीवर, पितळी डब्यात.

आजोबा सकाळीच चहाचा मग घेऊन बाहेर आले आणि त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. दिवे तपासा. टायरमधली हवा बघा. ताडपत्रीची दोरी अशी नाही, अशी. आमच्या वेळी ट्रॉलीला कसं तेल घालायचे. त्यांचा मेहुणा ट्रॉली घेऊन ताशी ऐंशीच्या वर गेला आणि काय झालं. जड सामान नेहमी चाकांच्या वर, मागे कधीच नाही, नाहीतर शेपूट हलतं. इटलीत पेट्रोल कुठे भरू नये. जावयाने ट्रॉली नेली तेव्हा परत कशी आणली.

"गेनाऊ," नवरा म्हणाला. "गेनाऊ, गेनाऊ." मी वरच्या मजल्यावर गॅलरीत होते. ते शेपटाचं वाक्य कानावर पडलं, पण मी तेव्हा किल्लीचा विचार करत होते.

निघताना सासूबाईंनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. सासरहून शिकायला निघालेल्या सुनेची ओटी भरायची की नाही याला शास्त्राधार काय, हे त्यांनी साताऱ्याला फोन करून विचारलं होतं. तिकडून उत्तर आलं होतं, "भरून टाका, नुकसान काही नाही." अशा मोकळ्या मनाने आम्ही निघालो.

उल्मपर्यंतचा रस्ता सपाट आहे. नवऱ्याचा एक हात स्टिअरिंगवर, दुसरा मोकळा. "बघ, काही करावं लागतं का? डी म्हणजे डी. गाडीला कळतं." डीच्या खाली दांड्यावर तीन, दोन आणि एक असे आकडे होते. ते कशासाठी, असं मी विचारलं. "ज्यांचा गाडीवर विश्वास नाही त्यांच्यासाठी," तो म्हणाला. आनहेंगर असताना ऐंशीची मर्यादा असते, पण तो ती ट्रक ड्रायव्हरांची समजायचा. ट्रॉली मागे अधूनमधून किंचित डुलायची. त्याच्या मते ती वाऱ्याने डुलत होती.

आल्बचा डोंगर उतरायच्या आधी आम्ही हायवेवरच्या एका विश्रांतीच्या जागी थांबलो. सासूबाईंनी विचारलं, "आता घाट लागणार ना? मग घाटातली देवी कुठेय?" खंबाटकीत गाडी थांबवून नारळ फोडल्याशिवाय त्यांनी कधी प्रवास केला नव्हता. नवरा म्हणाला, "आई, इथे घाटात देव नसतो. इथे इंजिनिअरिंग असतं." सासूबाई गाडीतून उतरल्या. स्वच्छतागृहाकडे गेल्या तर तिथे दाराशी छोट्या टेबलावर पांढरी बशी, बशीत नाणी, आणि मागे साफसफाई करणारी एक गंभीर बाई बसलेली. सासूबाईंनी कनवटीचं नाणं काढलं, बशीत ठेवलं, बाईला मनोभावे नमस्कार केला आणि आत न जाताच परत आल्या. "आहे की रे," त्या मुलाला म्हणाल्या. "तुलाच माहीत नसतं."

मग उतार सुरू झाला. तिथे उतरायचा रस्ता जुना, अरुंद आणि डोंगराला बिलगून वळत जाणारा. उजवीकडे ट्रक एकामागे एक दातओठ खात हळूहळू उतरत होते. नवऱ्याने डी सोडला नाही. ट्रक मागे टाकत तो डावीकडून निघाला आणि ब्रेकवर पाय ठेवून बसला. गाडी धावत होती, तो दाबत होता. थोड्या वेळाने जळका वास आला.

"गॅसवर काही राहिलं का गं?" सासूबाईंनी मागून विचारलं.

वॉशिंग मशीन, पोती आणि पाण्याचे क्रेट यांनी शेपूट हलवलं ते तेव्हा. आधी हळूच डावीकडे, मग उजवीकडे, मग जोरात डावीकडे. मागून कुणीतरी आमच्या गाडीचा पदर धरून ओढत असल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याने स्टिअरिंग उलटं फिरवलं, तशी ट्रॉली आणखी चेकाळली. शेजारच्या ट्रकचं चाक माझ्या खिडकीत मोठं मोठं होत गेलं. मागे काचेच्या बाटल्यांचा खळखळाट झाला. सासूबाई देवाचा डबा छातीशी धरून एकाच देवीचं नाव घेत होत्या. ती तुळजापूरची की बशीवाली, ते मी विचारलं नाही. मला मात्र लाज वाटावी इतकी एकच गोष्ट आठवत होती: मेले तर किल्ली पुढच्या माणसाला मिळेल.

"स्टिअरिंग सरळ धर! नुसतं सरळ धर!" मी ओरडले. का ओरडले, ठाऊक नाही. बहुधा काहीतरी ओरडायचं होतं. पण त्याने ऐकलं. गाडी सरळ राहिली, वेग कमी झाला, आणि ट्रॉली रुसलेल्या पाहुण्यासारखी हळूहळू गप्प झाली. उतार संपल्यावरच्या पार्कप्लाट्झवर, म्हणजे रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये, त्याने गाडी घेतली. चाकांतून धूर येत होता. समोरच्या काचेत डी हे अक्षर अगदी नीट उजळलेलं होतं.

तो उतरला, ट्रॉलीकडे गेला, परत आला. पुन्हा गेला, आणि पुन्हा तसाच परत आला. मला त्याची दया आली, पण ती फार वेळ टिकली नाही. तो म्हणाला, "हे काही खरं नाही. परत फिरू या. चारपर्यंत पोचणं आता शक्य नाही. पुढच्या सेमिस्टरला बघू. शिवाय आईला त्रास होतोय."

मला जे कळायचं ते कळलं. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. तेवढी अक्कल त्याला त्या उतारावर सुचली नसती. पण धूर बघून त्याला जे सुटल्यासारखं वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर डीसारखं उजळलं होतं. माझा असा संताप झाला की तोंडातून शब्द फुटेना. आठ वर्षं मी ताटं उचलून पुस्तकं मांडली होती, आणि आता त्या दीड खोलीच्या आड तांदळाचं पोतं येणार होतं.

शब्द फुटला तो सासूबाईंना. त्या डबा घेऊन गाडीतून उतरल्या. "माझं नाव मध्ये घेऊ नकोस," त्या मुलाला म्हणाल्या. "मला काही त्रास होत नाहीये. तुला परत जायचं तर तुझं सांग."

तो ताडपत्रीची दोरी चाचपू लागला. मराठीत गेनाऊ म्हणून भागत नाही.

"अहो आई," मी म्हणाले, "ते आजोबा सकाळी म्हणाले होते. जड चाकांवर, मागे नाही. सगळं काढून उलटं भरावं लागेल. मग मीठ आणि धान्य आत जाईल. आधी उतरणार नाही."

सासूबाई ट्रॉलीकडे बघत राहिल्या. एका फुटक्या बाटलीचं पाणी देव्हाऱ्यावरून खाली ठिबकत होतं. हा त्यांचा एकुलता हट्ट होता, आणि तो सोडायला मी त्यांना रस्त्याच्या कडेला सांगत होते. मला वाटलं, आता या मोडता घालणार.

"त्या बशीवाल्या बाईला काही माहीत होतं का, आधी काय उतरतं ते?" त्या म्हणाल्या. "तरी तिने राखलंच ना! काढ पोती."

आम्ही तिघांनी ट्रॉली रिकामी केली. जर्मन कुटुंबं सँडविच खात आमच्याकडे बघत होती. डांबरावर तांदूळ, मीठ, खलबत्ता, देव्हारा आणि वॉशिंग मशीन मांडलं होतं. आमचा संसार असा उघड्यावर मी पहिल्यांदाच बघितला. त्यात माझं असं एकच टेबल होतं. मशीन आणि पोती चाकांवर गेली, क्रेट त्यांना टेकून, मग कपडे आणि गादी, आणि सगळ्यात मागे हलकं म्हणून टेबल.

ब्रेक निवल्यावर मी गाडीच्या किल्लीसाठी हात पुढे केला. लायसन्स माझ्याकडेही होतं. जर्मन ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकून काढलेलं. नवऱ्याने आपलं भारतातलं बदलून घेतलं होतं. तो म्हणाला, "तू कधी ट्रॉली ओढली आहेस?"

"तू तरी कुठे ओढलीस? तिनेच तुला ओढलं."

पुढचा रस्ता मी ऐंशीने गेले. प्रत्येक ट्रक आम्हाला मागे टाकत होता आणि प्रत्येक ट्रकबरोबर नवरा घड्याळ बघत होता. फोर्त्सहाइमपाशी रस्ता एकदम दरीत उतरतो आणि लगेच उभा चढतो. उताराच्या तोंडाशीच मी दांडा डीवरून खाली ओढला, तीनवर आणि मग दोनवर. इंजिन मोठ्याने घुरघुरलं आणि त्यानेच गाडी रोखून धरली.

"गिअरबॉक्सचा जीव घेतेस!" नवरा कळवळला.

"माती घसरते कारण उतार असतो," मी म्हणाले. "धरून ठेवायला काहीतरी लागतं. एवढंच शिकायला चाललेय मी."

ब्रेकला मी जेमतेम पाय लावला. गाडी स्वतःला धरून उतरली. ट्रॉली मागे शहाण्यासारखी आली. चढाला दोन नंबरवरच गुरगुरत, ट्रकांच्या रांगेत आम्ही वर आलो. वर पोचल्यावर मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू बरी चालवतेस की!" त्या आवाजात इतकं आश्चर्य होतं की मला राग यायला हवा होता. आला नाही. मला रडू आलं.

चाराला थोडा वेळ असताना आम्ही पोचलो. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या मागे पायरीवर खरोखरच एक तरुण पाठपिशवी घेऊन बसला होता. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मनगटाकडे बघितलं, जरा हिरमुसल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

नवऱ्याने ट्रॉलीची फळी उघडली. पहिलं हाताला आलं ते टेबल. तो थबकला. "हे बाजूला ठेवतो. आधी मीठ काढू या, आत कुठे आहे ते बघतो."

"कशाला बाजूला?" सासूबाई म्हणाल्या. "जे पहिलं आलं ते पहिलं."

टेबल उंबऱ्यातून आत गेलं. रिकाम्या खोलीत, खिडकीपाशी. सासूबाईंनी डब्यातून हळद-कुंकू काढून टेबलाच्या कडेला दोन बोटं ओढली, देव टेबलावर ठेवले, आणि मग मला म्हणाल्या, "बस." खुर्ची अजून यायची होती. मी गादीच्या गुंडाळीवर बसले आणि दोन्ही हात टेबलावर पसरून ठेवले. जेवणाची वेळ झाली तरी ते उचलावं लागणार नव्हतं.

संध्याकाळी नवऱ्याला ट्रॉली घेऊन परत जायचं होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी आठवडाभर इथे राहते. हिला नवीन गाव आहे."

"आई! मग माझं जेवण?"

"तांदळाला दुप्पट पाणी. तुला अक्षरं वाचता येतात, कुकरचीही वाच." इतके दिवस 'मी आहे ना त्याच्याजवळ' म्हणणारी बाई हीच का, असा त्याचा चेहरा झाला. माझाही झाला असावा.

रात्री त्याचा फोन आला. पोचलो म्हणाला. आजोबांनी ट्रॉली तपासली आणि एक ओरखडा सापडल्यामुळे ते खूश झाले, असंही सांगितलं.

"आल्बचा चढ कसा चढलास?" मी विचारलं.

तो हळूच म्हणाला, "दोनवर."

मी हसले. तो हसला नाही. पलीकडे घर इतकं शांत होतं की फ्रिजची घरघर ऐकू येत होती.

"ट्रॉली रिकामीच होती," तो म्हणाला. "तरी सारखा आरशात मागे बघत होतो."